पाठमोऱ्या बाईची वाक्यं

नितीनचा फोन आला तेव्हा मी एका पडणाऱ्या बाईला काय बोलायला लावावं याचा विचार करत होतो. उंच इमारतीवरून निसटलेली ती बाई मी टीव्हीच्या पडद्यावर थांबवून ठेवली होती. केस वर उडालेले, हात वर, तोंड उघडं. मूळ चित्रपटात ती फक्त नायकाचं नाव घेऊन किंचाळते. त्या जागी मराठीत काय घालायचं हे ठरवणं माझं काम. "मास्तर, पमी गेली आपली," नितीन म्हणाला. "सकाळी डायलिसिसला न्यायला रिक्षा बोलावली होती, पन..." फोन ठेवून मी टीव्ही बंद केला. ती बाई अधांतरीच राहिली.

प्रमिलाला जाऊन आता दीडएक महिना झाला. या पुरवणीच्या वाचकांनी तिचं नाव ऐकलेलं असण्याचं कारण नाही. मला मात्र त्यांतले काही जण ओळखतात. परदेशी सुपरहिरोंचे चित्रपट मराठीत आणणारा, आणि त्यांतल्या बायकांना 'कणा देणारा' म्हणून. हे शेवटचे शब्द एका परीक्षणातले आहेत. छापून आले तेव्हा ते नाकारायला हवे होते, ते मी नाकारले नाहीत. आज त्यासाठीच लिहायला बसलो आहे. मी मुळात फारसा बोलणारा माणूस नाही. ज्याला लपवायचं असतं त्याला हा स्वभाव फार सोयीचा पडतो.

नव्वदीच्या मध्यावर मी वसई रोडला इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायचो. आम्ही मूळचे कोकणातले. वडिलांनी निवृत्तीनंतर इथे दोन खोल्या घेतल्या होत्या. जवळच उमेळ्यात नितीन केबल चालवायचा. त्यांचं घर खाडीकडच्या जुन्या शेतकऱ्यांचं. मागे केळी, भाजीचे वाफे, बाजूला बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं, आणि पूर्वी जिथे गवताचे भारे ठेवत त्या खोलीत व्हिडिओची यंत्रं एकावर एक रचलेली. त्याच खोलीच्या दारात, फोनजवळ, नितीनची बहीण प्रमिला बसायची. तिशीच्या आसपासची. लग्न होऊन विरारकडे गेली होती आणि वर्षाच्या आत परत आली होती. का, ते तिने कधी सांगितलं नाही. गावात तिला सगळे आवाजावरून ओळखायचे, कारण चित्र गेलं की फोन तीच उचलायची. "काय दिसतं? मुंग्या दिसतात का काळं दिसतं? मुंग्या असतील तर दम धर, जातील. काळं असंल तर भावाला पाठवते." समोरचा जास्त बोलायला लागला की म्हणायची, "अरे, तुझा टीव्ही गेलाय, तुझी म्हैस नाय मेली."

त्या सुमारास नितीनला कुठून तरी इंग्रजी चित्रपटांच्या कॅसेटी मिळायला लागल्या. परवानगी वगैरे शब्द तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या मनातही येत नसत. झगा घातलेले, उडणारे, भिंती फोडणारे नायक लोकांना फार आवडले, पण बोलतात काय ते कुणाला कळेना. नितीन मला म्हणाला, मास्तर, तुम्ही सांगा ना मराठीत. हळदीच्या कार्यक्रमांना भाड्याने द्यायचा त्याचा एक माइक होता. चित्रपटाचा आवाज बारीक करायचा आणि माइकवरून आपण बोलायचं, ते थेट गावभर घराघरांत जायचं. दर रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर. मी आदल्या दिवशी चित्रपट पाहून ठेवायचो आणि रविवारी सगळ्यांचे आवाज स्वतःच काढायचो. नायिकेसाठी गळा आवळून बारीक बोलायचो. दुसऱ्याच रविवारी मधेच फोन वाजला. प्रमिलाने उचलला, ऐकून घेतलं आणि तिथूनच मला ओरडून सांगितलं, "मास्तर, कुंदाची आई विचारते, त्या बाईला पडसं झालंय का." मग ती आत आली, माइक स्वतःकडे ओढला आणि म्हणाली, "सरका."

कुंदा म्हणजे नितीनची बायको, आमची कुंदावहिनी. तिचं माहेर त्याच गल्लीत.

सुरुवातीला मी सांगायचो तेवढंच प्रमिला बोलायची. पण सांगण्यासारखं असायचंच काय! 'थांब, जाऊ नकोस.' 'तू कोण आहेस?' 'मला वाचव.' मधल्या वेळात ती टेबलावर हनुवटी टेकून पडद्याकडे बघत राहायची. एकदा चित्रपट संपल्यावर म्हणाली, "ही बाई पेपरात कामाला हाये ना? मग हिची एक तरी बातमी छापून आलेली दाखवली का? नुसता कॅमेरा गळ्यात घालून फिरते आनि पकडली जाते." दुसऱ्या एका रविवारी, हातातून वीज सोडणारी एक बाई चित्रपटाच्या मध्यावर वेडी होऊन शहर जाळायला निघाली, तेव्हा तिने माइकवर हात ठेवला आणि मला हळूच विचारलं, "त्याला उडता आलं तर तो उडतो. हिला उडता आलं की हिचं डोकं का फिरतं, मास्तर?" मी म्हणालो, कथा तशी आहे. ती म्हणाली, "कथा कोनी लिहिली?" मला नाव ठाऊक नव्हतं. "बुवाच असनार," एवढं म्हणून ती पुन्हा पडद्याकडे वळली.

मग तिने एक गोष्ट शोधून काढली. बाई पाठमोरी असली की तिचे ओठ दिसत नाहीत. ओठ दिसत नसले की ती काहीही बोलू शकते. आणि या चित्रपटांतल्या बायका पाठमोऱ्या बऱ्याच वेळा असतात, कारण कॅमेऱ्याला नायकाचा चेहरा हवा असतो. प्रमिला अशा जागा हेरून ठेवायची. जागा जवळ आली की टेबलावर बोटाने टकटक करायची, म्हणजे मी गप्प बसायचं. पहिल्यांदा तिने हे केलं तेव्हा नायिका एका मनोऱ्याला बांधलेली होती आणि नायक आणि खलनायक एकमेकांना भाषणं देत होते. टकटक झाली. मी थांबलो. प्रमिला अगदी शांतपणे म्हणाली, "तुमचं दोघांचं झालं की सांगा. माझे हात भरून आले." पाच मिनिटं फोन वाजत होता. तक्रार कुणाचीच नव्हती, बायका नुसत्या हसायला फोन करत होत्या.

पुढे उमेळ्यातल्या बायका रविवारी भांडी लवकर उरकून बसायला लागल्या. नायक काय पराक्रम करतो याच्याशी त्यांना काही घेणं नव्हतं. बाई पाठ कधी फिरवते याची त्या वाट बघायच्या. नितीन वैतागायचा. "सिनेमा हाणामारीचा आनि ह्या बघतात कोनाची पाठ!" प्रमिलाची वाक्यं सगळीच विनोदी नसायची. एका चित्रपटात एका बाईपाशी नायकापेक्षा मोठी शक्ती असते. शेवटी जग वाचवायला ती आपली शक्ती त्याला देऊन टाकते आणि त्याच्या मांडीवर मरते. मरताना म्हणते, मला हे कधीच नको होतं, मला फक्त तू हवा होतास. मी ते तसंच्या तसं प्रमिलाला सांगून ठेवलं होतं. ती ते बोलली नाही. त्याआधी एक जागा होती... गच्चीच्या कठड्यापाशी ती बाई एकटी, पाठमोरी, खाली शहराचे दिवे. टकटक झाली. प्रमिला बराच वेळ काही बोलेना. मला वाटलं, विसरली. मग तिचा आवाज आला, "मला दोन्ही पायजे होतं. कोनी विचारलंच नाय." आणि मरणाच्या प्रसंगात ती गप्प राहिली. पडद्यावरच्या बाईचे ओठ हलत राहिले, आवाज नाही. त्या दिवशी फोन वाजला नाही. संध्याकाळी नाक्यावर भाजी विकायला बसलेल्या दोन बायका ते वाक्य एकमेकींना म्हणून दाखवत होत्या, ते मी जाताना ऐकलं.

त्याच आठवड्यात एक गृहस्थ मला शोधत आले. मुंबईच्या एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत ते काम करायचे. लग्नासाठी उमेळ्यात नातेवाइकांकडे उतरले होते आणि रविवारचा कार्यक्रम त्यांनी पाहिला होता. असे चित्रपट मराठीत करून त्यांच्या कॅसेटी बाजारात आणायचा त्यांचा विचार होता. आम्ही केबलच्या खोलीत बसलो होतो. नितीन खांबावर चढायला गेला होता, प्रमिला बाजारात. त्यांनी विचारलं, "ते गच्चीवरचं वाक्य कोणाचं? मूळ सिनेमात तर नाही ते." मी म्हणालो, "माझं."

तोंडातून निघून गेलं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला समजावत आलो. ते खरं नाही. विचार करायला वेळ होता. त्यांनी चहाचा घोट घेतला, मी खिडकीतून केळीच्या पानांकडे पाहिलं आणि मग म्हणालो. शिकवण्यांना मी कंटाळलो होतो, घरात वडिलांचं आजारपण होतं. हे सगळं होतंच, पण ही कारणं मला नंतर सुचली. त्या क्षणी मनात एवढंच होतं की ते वाक्य माझं असायला हवं होतं. "आणि त्या बाई?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "केबलवाल्याची बहीण. हौसेने करते. भाषा मात्र जरा गावची आहे तिची." त्यांनी मान डोलावली. झालं. एका चहात एवढं झालं.

मला काम मिळाल्याचं प्रमिलाला सांगितलं तेव्हा ती खरोखर खूश झाली. "बरं झालं. पोरांना ते 'इज' आनि 'आर' शिकवून तुमचं तोंड वाकडं झालं होतं. मलाबी न्या एकदा, खरं कसं करतात ते बघायला." मी म्हणालो, "नेईन की." मी तिला कधीच नेलं नाही. उलट, स्टुडिओतून मिळालेली कॅसेट घेऊन मी उमेळ्याला जायचो, सरावासाठी म्हणून तिच्यासोबत बघायचो. ती टकटक करायची, बोलायची, हसायची. घरी येऊन मी ती वाक्यं लिहून काढायचो. 'पायजे'चं 'हवं' करायचो, 'कोनी'चं 'कुणी' करायचो. माझा वाटा एवढाच होता. या कमाईवर पुढे मी बोळिंजला फ्लॅट घेतला.

दोन-तीन वर्षांनी सीड्या आल्या आणि गच्चीवरच्या बाईचा तो चित्रपट मराठीतून बाजारात आला. नितीनने तो आणून रविवारी केबलवर लावला. त्याला अभिमान वाटत होता. आपल्या मास्तरांचं नाव पडद्यावर येतं म्हणून त्याने मला मुद्दाम बोलावलं. प्रमिला नेहमीच्या जागी बसली होती. माइक बंद होता. तो प्रसंग आला आणि मुंबईच्या कुणा नटीच्या स्वच्छ आवाजात ते वाक्य आलं. मी जमिनीकडे बघत होतो. शेवटी श्रेयनामावली आली, त्यात संवादलेखक म्हणून माझं नाव वर सरकत गेलं. प्रमिला उठली, व्हिडिओवरची धूळ पदराने पुसली आणि म्हणाली, "आवाज बरा हाये बाईचा. पन ती वाचते, मास्तर. बोलत नाय." पुढच्या खेपेला मी कॅसेट घेऊन गेलो तेव्हा ती बसली माझ्यासोबत. पाठमोरी जागा आली. मी थांबलो. तिने टेबलावर बोट वाजवलं नाही. दुसरी जागा आली, तिसरी आली... ती हनुवटी टेकून बघत राहिली. मी म्हणालो, "इथं काही सुचत नाही का?" ती म्हणाली, "तिथं लिहिलेलं असंल ना काहीतरी. तेच बोलू दे तिला."

त्यानंतर मी कॅसेट घेऊन गेलो नाही. रविवारचा कार्यक्रमही बंद पडला. वाहिन्यांवरच हे चित्रपट हिंदीत दिसायला लागले, नितीनने केबल दुसऱ्याला दिली आणि तो पूर्णवेळ साउंड सिस्टिमच्या धंद्यात उतरला. मी लिहीत राहिलो. जुना साठा होता, तो पुरवून पुरवून वापरला. संपला तेव्हा तिच्यासारखं लिहिण्याची नक्कल करायला लागलो. लोकांना फरक कळला नाही. मला कळायचा.

एका महिला दिनाला वसईतल्या एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं. विषय होता सुपरहिरोंच्या चित्रपटांतली स्त्री. हॉल मुलींनी भरला होता. मी बोलायला उभा राहिलो आणि मागे, दाराजवळ, साउंडच्या टेबलापाशी प्रमिला दिसली. काम नितीनचं होतं, त्याच्याऐवजी ती आली होती. मी सुरुवात करून चुकलो होतो. "माझ्या असं लक्षात आलं," मी म्हणत होतो, "की यांतल्या पुरुषाला उडता आलं तर तो उडतो, बाईला उडता आलं की तिचं डोकं फिरतं." मुली हसल्या, टाळ्या पडल्या. प्रमिलाने हात वर केला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं, की आता ती सांगेल आणि हे संपेल. तिच्या हातात सगळी बटणं होती. ती मोठ्याने म्हणाली, "मास्तर, माइक तोंडाजवळ घ्या. मागच्या पोरींना ऐकू येत नाय." मी माइक जवळ घेतला. उरलेलं भाषण पूर्ण केलं. एक बटण फिरवून तिने माझा आवाज वाढवला, ते मला व्यासपीठावरून दिसलं.

हॉल रिकामा झाल्यावर मी तिच्याकडे गेलो. कोपर आणि पंजा यांच्यामध्ये ती वायरची गुंडाळी करत होती. "प्रमिला," मी म्हणालो. ती म्हणाली, "बरं बोललात. एक राहिलं फक्त." मी विचारलं, "काय?" तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, राग असता तर बरं झालं असतं. पिशवी कितपत भरली आहे हे बघतात तसं पाहिलं. "राहू दे," ती म्हणाली. "ते माझ्याकडं राहू दे."

गेल्या वर्षी वसई रोडला शेअर रिक्षात ती शेजारी येऊन बसली, तोपर्यंत मला तिच्या आजाराची कल्पना नव्हती. हात सुजलेला, दंडावर पट्टी. वाटेत ती नव्या इमारतींकडे बोट दाखवून कुणाच्या वाडीत कोणती उभी राहिली ते सांगत होती. मी मनात वाक्य जुळवत होतो. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं जुळवणाऱ्या माणसाला स्वतःचं एक जुळेना. उमेळं आलं. उतरताना तिने विचारलं, "अजून पडतात का बायका वरून?" मी म्हणालो, "पडतात." "धरायला तो येतो?" "येतो." "बरं," ती म्हणाली, आणि पदर सावरत निघाली. मी त्याच रिक्षाने पुढे गेलो. माझं उतरायचं ठिकाण केव्हाच मागे पडलं होतं.

तिचं दिवसकार्य झाल्यानंतरच्या एका रविवारी मी उमेळ्याला गेलो आणि नितीनला, कुंदावहिनींना सगळं सांगितलं. दोघांनी ऐकून घेतलं. कुंदावहिनी भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "हे आम्हाला सांगायला आलात? गावानं ती वाक्यं तिच्या तोंडून ऐकलीत, मास्तर. इथं कोनाला ठाऊक नाय? तुमची सीडी लागली तेव्हा माझी आई म्हनाली, ही तर आपली पमी." नितीन खाली बघत म्हणाला, "मी तिला म्हटलं होतं, भांडू का त्यांच्याशी. तर म्हनाली, घेऊ दे, त्याला सुचत नाय." मी विचारलं, मग मी सांगू तरी कुणाला? वहिनी म्हणाल्या, "ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांगा. जिथं तुमचं नाव छापून येतं तिथं." म्हणून हा लेख. ज्या वाक्यांसाठी माझं कौतुक झालं ती उमेळ्याच्या प्रमिलाची आहेत, आणि ती सांगताना तिला व्याकरणाच्या मदतीची गरज नव्हती.

मी उठणार, तेवढ्यात दुपारचा चित्रपट लागला. कुठला तरी झगेवाला, हिंदीत बोलणारा. वहिनींची आई आली, शेजारच्या दोघी आल्या, नितीनची मुलगी अभ्यास सोडून आली. सुतक फिटलं होतं, तरी टीव्हीचा आवाज कुणी वाढवला नाही. उलट मुलीने तो पार बंद केला. पडद्यावरची नायिका खिडकीकडे वळली, तिची पाठ दिसली, आणि वहिनींची आई म्हणाली, "इथं पमी काय बोलायची गं?" मुलीने सांगितलं. शेजारीण म्हणाली, तसं नाय, असं. दोघींचं जुंपलं. मग तिसरीने आणखी एक सांगितलं, या चित्रपटातलंही नव्हे, कुठल्या तरी दुसऱ्याच. केबल गेल्यावरही ती इथे टीव्हीचा आवाज बंद करून बायकांसाठी बोलत राहिली होती; या घरी मी येत नव्हतो त्या सगळ्या वर्षांतली वाक्यं होती ती. मी एकही ऐकलेलं नव्हतं. सगळ्यांच्या बोलण्यात तिचा तो थांबण्याचा सूर होता, शब्दाआधी थोडा वेळ घेण्याचा... माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला. कुंदावहिनींनी ते पाहिलं. त्यांचा भाजी निवडणारा हात थांबला.

मी हात काढून मांडीवर ठेवला. चित्रपट संपेपर्यंत मी तिथे बसून होतो. त्या दुपारी जे ऐकलं त्यातलं एकही वाक्य मी इथे लिहिलेलं नाही. ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी रविवारी जेवणानंतर उमेळ्याला जावं.